बर्फात रुतलेली गाडी बाहेर काढताना: आधी रेस सोडा, मग खोरं हातात घ्या

ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन भर हिवाळ्यात हिमाचलमधल्या लाहौलमध्ये उतरणं शक्य झालं. तेव्हापासून सोलंगच्या पुढचा चढ, धुंदीजवळची सावलीतली वळणं, बोगद्याच्या उत्तर तोंडाबाहेरचा पट्टा आणि सिस्सू-कोकसरकडे रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्या, या ठिकाणी तोच प्रकार पुन्हा पुन्हा होतो. गाडी रुतते, चालक रेस वाढवतो, मागून चारजण ढकलतात आणि अर्ध्या तासाने गाडी होती त्याहून खाली गेलेली असते.

आपल्याकडे काळ्या मातीत रुतलेली गाडी काढायची सवय असते. तिथे चाक फिरवत राहिलं तर कधीकधी खालचा मुरूम लागतो आणि गाडी उसळी मारून बाहेर येते. बर्फात हे होत नाही. फिरणाऱ्या टायरच्या घर्षणाने बर्फाचा वरचा थर वितळतो, ते पाणी लगेच गोठतं आणि चाकाखाली गुळगुळीत वाटी तयार होते. दहा सेकंद रेस दिली की भुसभुशीत बर्फाची काच होते. म्हणून पहिली पाच मिनिटं काय केलं यावर पुढचा अर्धा तास ठरतो.

लक्षणं: गाडी नेमकी कशी अडकली आहे?

खाली उतरून चारही चाकं आणि गाडीचं पोट बघितल्याशिवाय काहीही करू नका. लक्षणानुसार उपाय वेगळा आहे.

चाकं जागच्या जागी फिरतात, गाडी हलत नाही, पण पोट मोकळं आहे: हा सगळ्यात सोपा प्रकार. पकड मिळाली की गाडी निघते.

एकाच बाजूचं चाक फिरतं, दुसरं स्तब्ध: साधं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत इंजिनचा फेर वाटणारा गिअर, जिथे विरोध कमी तिकडे वेग पाठवतं. अशा वेळी स्पीडोमीटरवर ४० दिसत असेल तर ते एकटं चाक प्रत्यक्षात ८० च्या आसपास फिरत असू शकतं. काटा २० च्या वर जाऊ देऊ नका.

चाकं सहज फिरतात, जणू हवेत आहेत. किंवा इंजिन दबतं आणि गाडी तसूभरही हलत नाही: गाडी पोटावर बसली आहे. चेंबर (इंजिनखालचा तेलाचा डबा), सायलेन्सर आणि चेसिसखाली दाबलेला बर्फ गाडीचं वजन उचलून धरतो आणि चाकांवर वजन राहत नाही. साध्या हॅचबॅकचं पोट जमिनीपासून १६०-१७० मिलिमीटरवर असतं, जिमनीचं २१०, थारचं २२६. वीतभर ताज्या बर्फात हॅचबॅक पोटावर बसते, एवढं साधं गणित आहे. इथे मॅट, वाळू, टायरवर चढवायची चेन काहीच उपयोगी नाही. आधी पोट मोकळं करावं लागतं.

डोंगराकडची दोन चाकं खाली गेली आहेत, गाडी तिरपी: पहाडी रस्त्यांना डोंगराच्या बाजूला पाण्याची नाली असते आणि बर्फाने ती भरून रस्त्याच्या पातळीत दिसते. समोरून येणाऱ्या गाडीला जागा देताना चाक तिच्यात जातं.

चाकं फिरतच नाहीत, क्लच सोडला की गाडी बसते आणि इंजिन बंद पडतं: रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचा ब्रेक गोठला असण्याची शक्यता मोठी. याला रुतणं समजून खणत बसतात, वेळ जातो.

इंजिन सुरू होऊन दोन मिनिटांत मरतं: हा डिझेल गोठण्याचा प्रकार. साध्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टर चोंदतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याच कारणासाठी. खालून भरून आणलेल्या डिझेलवर उंचावर रात्र काढू नका. पण तो वेगळा विषय आहे. खाली फक्त रुतलेल्या गाडीबद्दल.

सगळ्याच्या आधी सायलेन्सर

मागचा पाइप बर्फात गाडला गेला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा. अडलेला धूर गाडीखाली साठतो आणि तिथून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस जागा होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये बावीसहून जास्त माणसं गेली. थंडीबरोबर हा वायूही तिथे कारणीभूत होता. हाताने, पायाने, कशानेही पाइपाभोवती दोन फूट जागा मोकळी करा आणि मगच इंजिन सुरू करा. बर्फ पडत असेल तर दर दहा मिनिटांनी पुन्हा बघा. आतल्या लहान मुलांना गाडीत बसवून बाहेर खणकाम चालतं, तेव्हा याचा विसर पडतो.

पायरी पहिली: फुकटचे उपाय

रेस सोडा. इंडिकेटर चारही चालू करा. वळणावर असाल तर एकाला ४०-५० पावलं मागे उभं करा, म्हणजे वरून घसरत येणाऱ्या गाडीला इशारा मिळेल.

स्टिअरिंग सरळ करा. वळलेली पुढची चाकं नांगराच्या फाळासारखी समोर बर्फ गोळा करतात; सरळ चाकाला स्वतःच्याच चाकोरीतून परत जाता येतं. बाहेर पडायची सगळ्यात सोपी दिशा बहुतेक वेळा मागची असते, कारण तिथला बर्फ तुमच्याच टायरने दाबलेला आहे. पुढेच जायचं हा हट्ट सोडला की निम्म्या गाड्या इथेच सुटतात.

हँडब्रेक खरोखर सुटला आहे का बघा. गोठला असेल तर मागेपुढे अगदी हलका झटका द्या, नाहीतर मागच्या ड्रमवर पान्याने ठकठक करा. उकळतं पाणी ओतू नका. ते वाहून खाली गोठतं आणि चाकाखाली नवा बर्फ तयार होतो. उंचावर रात्री गाडी लावताना पहिला गिअर किंवा पी टाकून चाकाला दगड लावायचा, हँडब्रेक ओढायचा नाही. हे मनालीतले चालक पहिल्यांदा सांगतात.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. डॅशबोर्डवर गाडी आणि खाली नागमोडी रेषा असलेलं बटण दाबून धरा. चाक घसरलं की ही यंत्रणा इंजिनची ताकद कापते. रस्त्यावर ते बरोबर आहे, पण रुतलेल्या गाडीला थोडं घसरत घसरतच निघावं लागतं. याला एक अपवाद आहे: एकच चाक फिरत असेल आणि गाडीत ब्रेक लावून त्या चाकाला रोखणारी सोय असेल, तर यंत्रणा चालू ठेवून रेस स्थिर धरा, तीन-चार सेकंद. ब्रेक त्या चाकाला आवळतो आणि ताकद पलीकडच्या चाकाकडे जाते. दोन्ही प्रकार एकेकदा करून बघा.

गिअर दुसरा. पहिल्या गिअरमध्ये चाकावर ताकद इतकी येते की पकड लगेच सुटते, डिझेल गाडीत तर जास्तच. ऑटोमॅटिकमध्ये स्नो मोड असेल तर तो, नसेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा. फोर-बाय-फोर (चारही चाकांवर चालणारी) असेल तर फोर-एल, म्हणजे कमी वेगाच्या रेंजमध्ये दुसरा गिअर, क्लच हळू सोडायचा आणि रेस जवळजवळ द्यायचीच नाही. थार आहे म्हणजे फोर-बाय-फोर आहे असं समजू नका. जानेवारी २०२३ पासून मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते आणि भाड्याने घेतलेली गाडी तीच असू शकते. दुसरा छोटा लिव्हर आहे का ते निघण्याआधी बघायचं.

पायरी दुसरी: खणणं

खोरं हे फोर-बाय-फोरपेक्षा जास्त गाड्या बाहेर काढतं, आणि तरी ते दहातल्या नऊ गाड्यांत नसतं. घडीचं खोरं डिकीत सहज मावतं. मनालीत विकत घ्यायचं तर दुकानात बेलचा मागा. लोखंडी पात्याचं घ्या. प्लॅस्टिकचं ताज्या बर्फाला चालतं, गोठलेल्या बर्फावर तुटतं. काहीच नसेल तर ताट, झाकण, स्टेपनीचं कव्हर. उघड्या हाताने नको, पाच मिनिटांत बोटं बधिर होतात.

खणायचा क्रम असा: सायलेन्सर, मग पोट, मग ओढणारी चाकं, शेवटी उरलेली दोन. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी यांची पुढची चाकं गाडी ओढतात. बोलेरो आणि इनोव्हा क्रिस्टाची मागची. इनोव्हा हायक्रॉसची मात्र पुढची. हे माहीत नसल्याने लोक तास-तास नको त्या चाकापुढे खणतात.

प्रत्येक चाकाच्या जायच्या दिशेला तीन-चार फूट लांब आणि टायरच्या दीडपट रुंद चर काढा. चराचा शेवट चढता असला तरी चालेल, पण पायरी ठेवू नका. टायर पायरीला टेकतो आणि पुन्हा जागीच फिरतो. चाकाखाली तयार झालेली काचेसारखी वाटी फोडणं सगळ्यात महत्त्वाचं. पान्याच्या टोकाने तिच्यावर खाचा पाडा. पृष्ठभाग नुसता खरखरीत झाला तरी फरक पडतो.

पोटाखालचा बर्फ काढताना झोपून हात आत घालू नका. गाडी बसली तर हात तिथेच राहील. लांब दांड्याने बाजूने ओढून काढा, इंजिन बंद आणि गाडी गिअरमध्ये.

सिस्सू तीन हजार मीटरच्या वर आहे. आदल्या दिवशी समुद्रसपाटीवर असलेल्या माणसाने तिथे जोरात खणलं की धाप लागते. दोन-दोन मिनिटांच्या पाळ्या करा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर त्या माणसाने गाडीत बसायचं, खोरं दुसऱ्याकडे.

पायरी तिसरी: चाकाखाली पकड

वाळू, बारीक खडी, राख, तुटका पालापाचोळा, गोणपाट. पहाडी वळणांवर रस्त्याच्या कडेला वाळूचे ढीग किंवा पोती ठेवलेली असतात, ती याचसाठी. प्रत्येक ओढणाऱ्या चाकापुढे खोरंभर वाळू टायरला चिकटून पसरा. दूर टाकलेली वाळू उपयोगाची नाही, पहिली वीतभर जागाच कठीण असते. घरून निघताना दोन रिकामी पोती नेली तर ती वाळू भरायलाही येतात आणि चाकाखाली अंथरायलाही.

गाडीतल्या रबरी मॅट शेवटचा पर्याय म्हणून. खिळ्यांची बाजू खाली, पुढचं टोक टायरखाली घट्ट खुपसून. चाकाने पकडली तर गाडी निघते, नाही पकडली तर मॅट गोळीसारखी मागे उडते. त्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

मीठ अनेकजण सुचवतात. उणे आठ-नऊ अंशांच्या खाली ते जवळजवळ काम करत नाही, आणि त्याच्या वरच्या तापमानातही वेळ घेतं. घाईत असलेल्या माणसाला मिठाचा उपयोग नाही.

टायरमधली हवा कमी करणं हा मात्र खरा उपाय आहे, जर परत भरायचा बारा व्होल्टचा पंप सोबत असेल तरच. ३२-३३ वरून २० पीएसआयपर्यंत आणा. टायर लांबट बसतो, बर्फावर टेकणारी जागा वाढते. १८ च्या खाली जाऊ नका. ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला तर तिथे तो परत बसवणं अवघड. कमी हवेवर ताशी २०-२५ च्या वर चालवायचं नाही.

आता झोका. थोडं पुढे, चाक घसरायच्या बेतात आलं की लगेच क्लच, गाडी आपोआप मागे येते, तळाला आली की रिव्हर्स. पाळण्याला धक्का द्यावा तसं प्रत्येक वेळी चार बोटं जास्त. पाच-सहा झोक्यांत चर लांबला नाही तर थांबा आणि परत खणा. क्लचचा जळका वास आला तर वीस मिनिटं गाडी बंद. ऑटोमॅटिक गाडीत चाकं पूर्ण थांबल्यावरच डी वरून आर करा, नाहीतर गिअरबॉक्सचा खर्च गाडी काढण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट येईल. एएमटी गिअरबॉक्सला (मॅन्युअलच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) झोका जमत नाही, तो दिशा बदलायलाच वेळ लावतो. अशा गाडीत जास्त खणा.

ढकलणारे असतील तर तीन-चार पुरेत. ढकलायचं खांबांना आणि दाराच्या चौकटीला धरून, मागच्या काचेला किंवा बंपरला नाही. चढावर गाडीच्या मागे आणि उतारावर पुढे कोणी उभं राहू नये. बर्फावर गाडी थांबवायला ब्रेक पुरत नाही.

पायरी चौथी: चेन

चेन रुतायच्या आधी चढवायची वस्तू आहे. ताजा बर्फ पडत असताना सोलंगच्या पुढे पोलीस फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात, त्यामागे कारण आहे. रुतल्यावर चढवायची असेल तर चाकाभोवती खणून चेन समोर सपाट अंथरा, गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी तिच्यावर आणा आणि मग कड्या आवळा. वीतभरही हलत नसेल तर जॅक, पण जॅकखाली फळी हवी आणि उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये.

टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा, उदाहरणार्थ १९५/८० आर १५, दुकानदाराला दाखवून त्याच मापाची घ्या. ओढणाऱ्या दोन्ही चाकांना लावा. एकाच चाकाला लावली तर गाडी एका अंगाला खेचते. पुढच्या चाकांवर असेल तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून चेन कुठे घासते का पाहा. शंभर मीटरवर थांबून पुन्हा आवळा, ती हमखास सैल झालेली असते. वेग ३० च्या आत. उघडा डांबरी रस्ता लागला की काढा, नाहीतर कडी तुटून ब्रेकच्या पाइपवर बसते. आणखी एक: फक्त पुढे चेन असलेली गाडी चढाला छान चढते, उतारावर मात्र तिचं मागचं अंग बाजूला सरकतं. उतरताना वेग चढतानाच्या निम्मा.

पायरी पाचवी: टोचन

टोचन म्हणजे दुसऱ्या गाडीने दोराने ओढून काढणं. त्याचा हुक जॅक-पान्याच्या पिशवीत असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यांत बसवायचा असतो. काही गाड्यांत आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी बघा. पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा. बंपर, सस्पेन्शनचा आर्म, टाय-रॉड यांना दोर बांधू नका. बर्फातून चाक सुटायला लागणारा जोर हे भाग वाकवतो.

दोर नायलॉनचा, निदान गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा, चार-पाच मीटर. लोखंडी तार तुटली तर कोयत्यासारखी फिरते. दोराच्या मध्यावर जाडजूड जॅकेट किंवा ब्लँकेट टाका, म्हणजे तुटल्यास तो खाली पडेल. दोराच्या दीडपट अंतरात चालकांशिवाय कोणी नको. ओढणाऱ्याने आधी दोर ताणून घ्यायचा, मग सरळ रेषेत, हळू. रुतलेल्या गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये हलकी साथ द्यायची. झटका देऊ नका. ओढणारी गाडी स्वतः कठीण जमिनीवर किंवा चेनवर असली पाहिजे. नाहीतर दोन गाड्या रुततात, आणि हे दर मोसमात पाहायला मिळतं.

इथे हात आखडा

गाडी दरीकडे सरकते आहे किंवा दरीच्या बाजूचं चाक कडेपासून तीन फुटांच्या आत आहे: सगळ्यांना डोंगराच्या बाजूने बाहेर काढा आणि गाडीला हात लावू नका. इथे ती सोडवायचा प्रत्येक प्रयत्न तिला दरीकडे नेऊ शकतो.

वर मोकळा, झाडं नसलेला, बर्फाने भरलेला उतार आहे आणि नुकताच हिमपात झाला आहे: हिमस्खलनाची जागा. गाडी सोडून बाजूला व्हा.

बर्फ बोनेटपर्यंत आहे, नालीत दोन चाकं लटकली आहेत, चेंबरखाली तेल दिसतं आहे, किंवा नीट खणून, वाळू टाकून पाऊण तास गेला आणि गाडी हातभरही हलली नाही. पुढचा प्रत्येक प्रयत्न क्लच, गिअरबॉक्स आणि माणसं यांना महाग पडतो. ११२ वर फोन करा किंवा जवळच्या पोलिसाला, सीमा रस्ते संघटनेच्या माणसांना गाठा. सांगताना जवळचा किलोमीटरचा दगड, गाडीत किती जण, लहान मुलं किंवा आजारी कोणी आहे का हे सांगा. स्थानिक रिकव्हरीवाल्याशी दर आधी ठरवा, पण संध्याकाळी चारनंतर घासाघीस करत बसू नका. ऊन गेलं की दुपारी वितळलेलं सगळं गोठतं.

पुढची सगळी वाहतूकच अडली असेल तर स्वतःची गाडी काढून काही साधत नाही. डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात सोलंग ते अटल बोगदा या टापूत हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या होत्या. अशा वेळी ओळ मोडून पुढे घुसलेली गाडी बर्फ काढणाऱ्या यंत्राची वाट अडवते आणि सगळ्यांची रात्र तिथेच जाते. रांगेतच थांबा. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवा, वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, हीटरला बाहेरची हवा द्या आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी सायलेन्सर बघा. अर्ध्या टाकीच्या खाली इंधन असताना वर जाऊ नये ते या दहा मिनिटांसाठी.

निघाल्यावर लगेच

चराच्या टोकाला आनंदाने ब्रेक लावून गाडी उभी केली की ती तिथेच पुन्हा रुतते. कठीण, सपाट, शक्यतो उताराची जागा येईपर्यंत थांबू नका. ढकलणारे चालत येतील. मग ट्रॅक्शन कंट्रोल चालू करा, हवा भरा. दोन-तीन वेळा हलका ब्रेक दाबून ओल्या ड्रमला कोरडं होऊ द्या. पुढे ताशी ५०-६० ला स्टिअरिंग थरथरलं तर अलाइनमेंट बिघडली असं लगेच समजू नका. रिमच्या आतल्या बाजूला बर्फाचा गोळा चिकटलेला असतो, पान्याने ठोकून पाडला की थरथर जाते. जाळीत कोंबला गेलेला बर्फही काढा, रेडिएटरला हवा लागत नाही. आणि तोच टायर पुन्हा पुन्हा फिरत असेल तर त्याची नक्षी मोजा: रस्त्यावर दोन मिलिमीटरवर भागतं, बर्फात चारच्या खाली टायर सपाटच समजायचा.